हिरव्या पाण्याचे मूळ

पाण्याला स्वतःचा रंग नसतो, असे आपण शाळेत शिकतो; परंतु नदी, ओढा किंवा कालवा यांच्या काठी राहणाऱ्या माणसाला पाण्याचे पुष्कळ रंग ठाऊक असतात. बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुक या गावाचेच पाहा. या परिसरातील ऊस नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या पोसला गेला आहे. पावसाळ्यात वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळू लागला, म्हणजे नदीला आणि कालव्याला तांबूस पाणी येते. पुढे हिवाळ्यात तेच पाणी निवळते. गढूळ पाणी पाहून गावात कोणी घाबरत नाही. ते आज ना उद्या निवळेल, हे सर्वांना माहीत असते.

माळेगावाहून ईशान्येकडे, बारामती ओलांडून भिगवणच्या वाटेने गेले, म्हणजे मात्र पाण्याचा एक निराळाच रंग पाहावयास मिळतो. इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर भीमा नदीचे पाणी अडून एक विस्तीर्ण जलाशय झाला आहे. वर्षाच्या काही दिवसांत, विशेषतः उन्हाळ्यात, त्याच्या काठचे पाणी हिरवेगार होते. ही हिरवाई पानांची किंवा गवताची नव्हे; कोणी हिरवा रंग कालवून पाण्यावर ओतावा, तशी दाट साय काठाला साचते. तिला कुबट वास येतो. ते पाणी निवळत ठेवले, तरी चांगले होत नाही. हा रंग येतो कोठून? उत्तर शोधण्यासाठी आपण पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहतो. पण या प्रश्नाचे बरेचसे उत्तर पाण्याच्या तळाशी, गाळात दडलेले आहे.

प्रथम त्या जलाशयाची थोडी ओळख करून घेऊ. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला ‘यशवंतसागर’ असे नाव आहे. त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. या पाण्याचा फुगवटा इंदापूर, दौंड आणि करमाळा या तालुक्यांत दूरवर पसरला आहे. सोलापूर शहराला पिण्याचे पाणी येथून मिळते, हजारो एकर ऊस त्यावर उभा राहतो आणि काठच्या अनेक कुटुंबांचा चरितार्थ मासेमारीवर चालतो. हिवाळ्यात भिगवणजवळच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी येतात. लांब पायांवर उभे राहून, वाकडी चोच गाळात बुडवून ते आपले अन्न गाळून घेतात.

माळेगावचे पाणी या जलाशयात जात नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. माळेगाव नीरेच्या खोऱ्यात आहे आणि नीरा भीमेला मिळते, ती धरणाच्या खाली, नीरा नरसिंहपूर येथे. यशवंतसागरात येते, ते भीमेचे आणि तिला वर मिळणाऱ्या नद्यांचे पाणी. त्यांत इंद्रायणी आहे, मुळा-मुठा आहे, घोड आहे. पवना मुळेला मिळते, तेव्हा तिचेही पाणी शेवटी येथेच येते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या मोठ्या शहरांतून, शेकडो गावांतून व लाखो शेतांतून जे जे वाहते, ते ते या एका ठिकाणी येऊन थांबते. वाहती नदी आपले ओझे पुढे ढकलीत असते. अडलेल्या पाण्याला ते खाली ठेवावे लागते.

हे ओझे खाली कसे बसते, ते पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. काचेची एक बरणी घ्या. तिच्यात मूठभर शेतातील माती टाका, बरणी पाण्याने भरा आणि झाकण लावून खूप हलवा. मग ती खिडकीत ठेवून द्या. वाळूचे कण काही क्षणांतच तळाशी बसतील. त्यांवर पोयट्याचा बारीक थर बसावयास बराच वेळ लागेल. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण मात्र दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत असतील आणि पाणी धूसर दिसेल. धरणातही असेच घडते. वेगाने आलेल्या पुराच्या पाण्याचा वेग जलाशयात शिरताच मंदावतो. जड कण मुखाशीच पडतात, हलके कण दूर जाऊन सावकाश बसतात. वर्षामागून वर्षे गाळाचे थर असे एकावर एक साठत जातात.

आता बरणी पुन्हा एकदा हलकेच हलवा. बसलेला गाळ क्षणात वर येतो. हे लक्षात ठेवा. आपल्याला याची पुढे गरज लागणार आहे.

गाळ म्हणजे केवळ माती नव्हे. शेतकऱ्याच्या घरातील मुलांना नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे सांगावी लागत नाहीत. खताच्या पोत्यावर ती लिहिलेलीच असतात. यांपैकी स्फुरदाचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. नत्र पाण्यात सहज विरघळून वाहून जाते. स्फुरद मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसते. म्हणून जोराच्या पावसात शेताचा वरचा थर धुपला, की मातीबरोबर स्फुरदही जाते. माणसांच्या व जनावरांच्या मलमूत्रात स्फुरद असते. कपडे धुण्याच्या काही पावडरींतही ते असते. शहरांतील सगळे सांडपाणी शुद्ध होऊनच नदीत जाते, असे नाही. अशा रीतीने शेतातले, मोरीतले आणि गटारातले स्फुरद जलाशयात येते आणि गाळाबरोबर तळाशी जमा होते.

एवढेसे स्फुरद काय करू शकते, हे १९७३ साली कॅनडातील एका प्रयोगाने जगाला दाखवून दिले. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह एक रानातले तळे निवडले. त्या तळ्याला नाव नव्हते, २२६ हा क्रमांक होता. मध्यभागी ते चिंचोळे होते. तेथे त्यांनी पाण्यात आडवा पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात त्यांनी कर्ब आणि नत्र टाकले. दुसऱ्या भागात कर्ब व नत्र तर टाकलेच, शिवाय स्फुरदही टाकले. काही आठवड्यांतच दुसऱ्या भागातील पाणी दाट हिरवे झाले. पहिला भाग मात्र पूर्वीसारखाच स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात पडद्याच्या एका अंगाला निळेशार पाणी आणि दुसऱ्या अंगाला हिरवे, असे ते तळे दिसते. तळ्यातील हिरवेपणाची किल्ली स्फुरदाच्या हाती असते, हे त्या चित्राने हजारो माणसांना पटवून दिले.

डाळिंबाला बहर येतो, हे इंदापूर तालुक्यातील मुलांना कोणी शिकवावयास नको. बाग ताणावर ठेवून पुढे खत-पाणी दिले, म्हणजे झाड फुलांनी भरून जाते. पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींनाही असाच बहर येतो. ऊन, ऊब, स्थिर पाणी आणि भरपूर स्फुरद अशी चार साधने एकत्र आली, की एरवी डोळ्यांना न दिसणारे जीव झपाट्याने वाढतात आणि पाण्याचा रंगच पालटून टाकतात. फरक इतकाच, की डाळिंबाचा बहर शेतकरी हौसेने धरतो. हा बहर कोणी न बोलावता येतो.

तळाच्या गाळात बसलेले स्फुरद मग या बहराला मिळते कसे? ते वर येण्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट लोखंडाची आहे. ओल्या जागी पडलेला खिळा गंजतो, हे तुम्ही पाहिले आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात व मातीत लोह पुष्कळ आहे आणि तेही हवेतील प्राणवायूच्या सान्निध्यात गंजाच्या रूपात असते. असा गंज स्फुरदाला धरून ठेवतो. जोवर तळाजवळच्या पाण्यात प्राणवायू असतो, तोवर हे कुलूप बंद राहते. परंतु गाळात मेलेले शेवाळ, कुजलेली पाने आणि मैला साचला, म्हणजे त्यांना कुजविणारे असंख्य जिवाणू तेथील प्राणवायू वापरून टाकतात. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड पाणी जड राहते आणि दोन्ही एकमेकांत मिसळेनाशी होतात. मग खाली नवा प्राणवायू पोचत नाही. प्राणवायू संपला, की लोहाचे रूप बदलते, ते पाण्यात विरघळते आणि त्याने धरलेले स्फुरद सुटते. कुलूप उघडले, म्हणजे कोठार मोकळे होते.

दुसरी वाट वाऱ्याची आहे. वाऱ्याने पाण्यावर लाट उठते. पण लाट केवळ पृष्ठभागावरच नसते. तिची हालचाल खालीही जाते. साधारणपणे एका लाटेच्या माथ्यापासून दुसऱ्या लाटेच्या माथ्यापर्यंत जेवढे अंतर असेल, त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत तिचा धक्का पोचतो. दोन माथ्यांत सहा मीटर अंतर असेल, तर तीन मीटर खोलीपर्यंतचे पाणी हलते. पावसाळ्याच्या शेवटी जलाशय तुडुंब असतो, तेव्हा पुष्कळ ठिकाणी लाटेचा हात तळापर्यंत पोचत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरते. पळसदेवजवळ तर पाणी फार खाली गेले, म्हणजे धरणात बुडालेले पळसनाथाचे जुने दगडी मंदिर पुन्हा डोके वर काढते. अशा वेळी फुगवट्याच्या उथळ भागात थोडक्याच पाण्याखाली गाळ असतो. वैशाखातील वादळी वारा सुटला, की बरणी हलविल्यावर झाले, तेच येथे होते. बसलेला गाळ उठतो आणि त्याच्या थरांमध्ये अडकलेले स्फुरदयुक्त पाणी वर मिसळते. तळ उकरून खाणारे मासेही हेच काम थोड्या प्रमाणात रोज करीत असतात.

येथे एक शंका तुमच्या मनात येईल. गाळ उठला, तर पाणी गढूळ होईल, ऊन आत शिरणार नाही. मग शेवाळ वाढेल कसे? शंका रास्त आहे. पुष्कळ प्रकारची शेवाळे अशा गढूळ पाण्यात खरोखरच मागे पडतात. परंतु नेमक्या याच अडचणीचा लाभ एका जातीला मिळतो. तिचे नाव मायक्रोसिस्टिस. नीलहरित शेवाळ असे तिच्या कुळाला म्हणण्याचा प्रघात आहे. पण शास्त्रज्ञ या कुळाची गणना जिवाणूंत करतात. तिची एकेक पेशी इतकी लहान असते, की एक मिलिमीटर लांबीच्या रेघेवर अशा दोनशे पेशी मावतील. अनेक पेशी चिकट द्रवाने एकत्र बांधल्या जाऊन त्यांची वसाहत बनते. प्रत्येक पेशीत वायूने भरलेल्या सूक्ष्म नळ्या असतात. पोहावयास शिकणारे मूल पाठीला भोपळा बांधते, तसेच हे समजा. या भोपळ्यांच्या बळावर मायक्रोसिस्टिस गढूळ पाण्यातून वर येते आणि पृष्ठभागावर ऊन खात बसते. इतर शेवाळे खाली अंधारात राहतात. वर साय धरली, की खाली अंधार आणखी वाढतो.

या जातीची आणखी एक खोड आहे. ऋतू प्रतिकूल झाला, की तिच्या काही वसाहती तळाशी जाऊन गाळात पडून राहतात. अंधारात त्या महिनेच्या महिने तग धरतात. पुढे पाणी तापले व गाळ ढवळला गेला, म्हणजे त्यांतील काही वर येतात आणि पुन्हा वाढू लागतात. गाळ हे असे खताचे कोठारही आहे आणि बियाण्याची कणगीही आहे. यशवंतसागरातही मायक्रोसिस्टिस आढळलेली आहे.

समुद्रातही असाच खेळ चालतो. तेथील काही विषारी सूक्ष्म जीव कठीण कवचाचे कोश बनवून समुद्रतळाच्या चिखलात वर्षानुवर्षे निजून राहतात. वादळाने किंवा प्रवाहाने तो चिखल उठला आणि पाण्याची ऊब जुळून आली, की कोश फुटतात व समुद्राला बहर येतो. अशा वेळी शिंपल्यांच्या अंगात विष साठते आणि ते खाणाऱ्या माणसांच्या जिवावर बेतते.

मायक्रोसिस्टिसच्या काही प्रकारांतही विष असते. त्याला मायक्रोसिस्टिन म्हणतात. ते मुख्यतः यकृतावर घाला घालते. अशा विषारी बहराची फार जुनी शास्त्रीय नोंद १८७८ सालची आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲलेक्झांड्रिना सरोवरावर जॉर्ज फ्रान्सिस यांना हिरवी दाट साय दिसली. ती नोड्युलॅरिया नावाच्या दुसऱ्या नीलहरित जातीची होती. वाऱ्याने ती एका काठाला लोटली होती. तेथे पाणी प्यालेली मेंढरे, घोडे व कुत्री मेली. सर्वांत दाट साय काठाशी असते आणि जनावर पाणी पिते, तेही काठाशीच, हे ध्यानात घ्या.

आपल्या काळात हे संकट मोठ्या शहरांवरही आले आहे. चीनमधील ताई नावाचे सरोवर फार विस्तीर्ण आहे. पण त्याची सरासरी खोली अवघी दोन मीटर आहे. वारा सुटला, की त्याचा तळ ढवळतो. २००७ साली तेथे एवढा बहर आला, की वूशी शहरातील सुमारे वीस लाख लोकांचे पिण्याचे पाणी बिघडले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन आढळले. चार लाखांहून अधिक लोकांना ते पाणी पिण्यास मनाई करण्यात आली. पाणी उकळूनही पिऊ नका, असे त्यांना बजावावे लागले. उकळल्याने रोगजंतू मरतात, परंतु हे विष नष्ट होत नाही. उलट पाण्याची वाफ झाल्यामुळे ते दाट होते. आपल्याकडे पाणी उकळून पिण्याची सवय चांगलीच आहे. मात्र हिरव्या सायीच्या पाण्यावर तो उपाय नव्हे.

बहर संपतानाही उपद्रव होतोच. कोट्यवधी पेशी एकदम मरून कुजू लागतात, पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरून मरतात. मेलेल्या पेशी तळाशी जातात. त्यांतील स्फुरद पुन्हा गाळात जमा होते आणि पुढील वर्षाची शिधासामग्री तयार होते.

म्हणून हिरवे पाणी दिसले, की ते विषारीच, असे समजू नये. पुष्कळ हिरवी शेवाळे निरुपद्रवी असतात. पाण्यातील सूक्ष्म प्राणी ती खातात आणि मासे त्या प्राण्यांवर जगतात. नीलहरित कुळालाही केवळ शत्रू म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. दोन अब्ज वर्षांहून पूर्वी याच कुळाने पृथ्वीच्या हवेत प्रथम प्राणवायू भरला. गाळही वाईट नव्हे. रोहित पक्ष्यांचे ताट त्यातच वाढलेले असते. परंतु नुसते पाहून विषारी आणि बिनविषारी बहर ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. तोवर अशा पाण्यात पोहू नये, ते पिऊ नये आणि गुरांना पाजू नये, हेच शहाणपण.

मग या संकटावर उपाय काय? पहिला विचार मनात येतो, तो घाण पाणी बंद करण्याचा. तो योग्यच आहे. त्यावाचून दुसरा कोणताही उपाय टिकत नाही. तथापि घाण पाणी आज बंद केले, तरी जलाशय उद्या स्वच्छ होत नाही. तळाचा गाळ मागील अनेक वर्षांचे स्फुरद जपून असतो आणि ते तो थोडेथोडे परत देत राहतो. स्वीडनमध्ये ट्रुमेन नावाचे एक लहान सरोवर आहे. तेथे शहराचे सांडपाणी वळविल्यानंतरही वर्षानुवर्षे हिरवा बहर येतच राहिला. शेवटी १९७० व १९७१ साली तळाचा वरचा गाळ काढून टाकावा लागला, तेव्हा कोठे पाणी सुधारले. सरोवर लहान होते, म्हणून ते साधले. महाराष्ट्रातही २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली. तलावातला सुपीक गाळ उपसून तो शेतात पसरावा, असा तिचा हेतू. लहान तलावांना हा उपाय सोयीचा आहे. यशवंतसागरासारख्या अफाट जलाशयाचा तळ उपसणे मात्र अतिशय अवघड काम आहे. जे पाण्यात जाऊ देणे सोपे, ते पाण्यातून काढणे महाकठीण.

यातच आपल्या कामाची दिशा स्पष्ट होते. शेताला बांध असेल, उताराला आडवी पेरणी असेल, ओढ्याकाठचे गवत व झाडे राखली असतील, तर माती शेतातच थांबते. माती परीक्षण करून पिकाला हवे तेवढेच खत दिले, तर पैसाही वाचतो आणि पाणीही वाचते. उसाचे पाचट जाळण्याऐवजी सरीत पसरले, तर पावसाचा मारा मातीवर थेट बसत नाही. गावाचे सांडपाणी ओढ्यात सोडण्यापूर्वी शुद्ध करता येते. माळेगावचे पाणी यशवंतसागरात जात नसले, तरी ते नीरेतून भीमेला जाते. भीमेच्या काठी पुढे पंढरपूर आहे, आणखी कितीतरी गावे आहेत. प्रत्येक गाव कोणाच्या तरी वर वसलेले असते आणि कोणाच्या तरी खाली.

वाहून गेले म्हणजे संपले, असे माणसाला वाटत असते. पाण्याचा हिशेब तसा नसतो. नदी जे नेते, ते कोठेतरी ठेवते आणि तळाशी ठेवलेले, वारा आणि ऊन यांचा योग जुळून आला, की पुन्हा वर येते. ते वर येईल, तेव्हा विषाची साय होऊन यावे, की शेतातच राहून उसाच्या कांड्यात उतरावे, हे मात्र पहिला पाऊस पडण्यापूर्वी बांधावर ठरत असते.